पाठीवरचा हात

"अव्वा, पुढच्या रांगेत बसा," म्हणत मंजुषाने खुर्ची पुढे केली, तेव्हा शरणम्माचा ऊर भरून आला. लातूरच्या एवढ्या मोठ्या सभागृहात, शिकल्यासवरल्या माणसांत, आपल्याला कुणी आई म्हणतंय!

मंजुषा पुण्याची. माणसांच्या रीतीभाती अभ्यासायला औशाला आली आणि शरणम्माकडेच राहिली. शरणम्मा कडक भाकरी करून विकायची. ही चुलीपाशी बसून लग्नं, बारशी, व्रतं, सगळं खोदून खोदून विचारायची. पोरगी गोड बोलणारी. शरणम्माची धाकटी महादेवी तर शाळेतून आली की दप्तर टाकून आधी हिच्याकडे धावायची. त्याच मुक्कामात महादेवी तापाने गेली.

आज मंजुषा मंचावर बोलत होती. शरणम्माला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण कौतुकाने मान डोलावणं चालू होतं. मग मंजुषा म्हणाली, "आता हे ऐका," आणि स्पीकरमधून एक बाई रडू लागली.

"ऊठ की गं म्हादेवी... वेणी घालायची ऱ्हायली तुझी..."

स्वतःचा आवाज ओळखायला शरणम्माला वेळ लागला. पुरायला नेण्याआधी महादेवीला रीतीप्रमाणे भिंतीशी बसवलं होतं, कपाळाला विभूती लावली होती. तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून शरणम्मा हेच म्हणत होती. मंजुषा तेव्हा तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. दुसऱ्या हातात मोबाईल चालू होता, हे शरणम्माला आज कळलं. केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा.

टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी मंजुषा लगबगीने आली. "अव्वा, तुमचं नाव कुठेच घेतलं नाही हं. नियमच आहे आमचा."

"माझ्या नावाचं काय घिऊन बसलीस, बाई? लेकीला हाक मारली हाय मी त्यात. इचारायचं तरी हुतंस."

"त्या वेळी कसं विचारणार होते?"

"तवा न्हाई गं. मागून. रोज माझ्या शेजारी बसून जेवत हुतीस की."

मंजुषासाठी आणलेलं भाकरीचं गाठोडं उचलून शरणम्माने एसटी गाठली.

घरी आल्यावर ती दारातच थांबली. "वर्षाराणी, पाण्याची बादली बाहीर आण."

घराबाहेर अंघोळ करायची ती मयतीहून आल्यावरच. सून घाबरून धावत आली. "कोण गेलं, आत्याबाई?"

"म्हादेवी," शरणम्मा म्हणाली आणि तिने तांब्या डोक्यावर ओतला.