सर गप्प बसले की

नागोजीराव गप्प बसले की समजावं, आपला प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचला आहे. मद्रासच्या एका पॉलिटेक्निकात त्यांनी उभा जन्म मोटारी आणि यंत्रं शिकवण्यात घालवला, पण एखाद्या मुलाला आयतं उत्तर दिलं, असं कुणी सांगणार नाही. मुलगा विचारायचा, "सर, हे फिरत का नाही?" सर वेताच्या खुर्चीत मागे टेकायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि समोर कुठेतरी पाहत राहायचे. विचारणारा आधी वाट पाहायचा, मग चुळबुळायचा, मग नाइलाजाने पुन्हा यंत्राकडे वळायचा. त्याचं त्यालाच काही सापडलं, की सर एवढंच विचारायचे, "कशावरून?"

तुळसी त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लहानपण या गप्प बसण्यातच गेलं. गणित अडलं की ती रडून पाहायची, पाटी आदळून पाहायची; अप्पा बधायचे नाहीत. आई लवकर गेली होती, आणि घर सांभाळायला तंजावरहून आलेली सकवार आत्या स्वयंपाकघरातून म्हणायची, "अगे, त्याला काय विचारतेस? लहानपणी आई विचारायची, नागू, अजून सादम वाढू का? हा विचार करत बसायचा. तोवर भात संपून जायचा."

पुढे तुळसीला त्या गप्प बसण्याची सवय झाली, आणि त्याच्याही पुढे ते तिला आवडू लागलं. घरात कुणीतरी आपल्या उत्तराची वाट पाहत बसलं आहे, असं वाटायचं. नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून थकून आली, की वेलचेरीच्या घरात पाऊल टाकताच ती हॉलमध्ये डोकावायची. अप्पा खुर्चीत, गप्प; समोर जमिनीवर पोरं, घामाघूम. म्हणजे सगळं ठीक.

ही पोरं इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाची. अलमेलू, सुंदर आणि सुब्बा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी ती एक रोबो बनवत होती: पांढऱ्या फळीवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीवरून आपणहून चालणारी छोटी गाडी. मोटारी जुन्या फ्लॉपी ड्राइव्हमधून काढलेल्या, बाकीचं सामान रिची स्ट्रीटच्या दुकानांतून घासाघीस करून आणलेलं. कॉलेजात या कामावर एक प्राध्यापक नेमलेले होते, पण प्रयोगशाळा पाचाला बंद व्हायची आणि प्राध्यापकही. तेव्हा कुणीतरी नागोजीरावांचं नाव सांगितलं. निवृत्तीनंतर रिकामे बसलेले सर म्हणाले, हॉल मोठा आहे, या. तेव्हापासून ती भलीमोठी फळी हॉलमध्येच पडलेली. आत्या तिच्यावरून सोवळं सावरत चालायची आणि म्हणायची, घरात माणसांना रस्ता नाही, गाडीला आहे.

मुलं रोज दिवेलागणीनंतर यायची, ट्यूबलाइटखाली काम करायची, आत्याच्या हातचा रसम-भात खाऊन शेवटच्या बसने जायची. गाडी आता बरी चालू लागली होती. स्पर्धा महिन्यावर आली होती.

काणुम पोंगलला, सणाच्या शेवटच्या दिवशी, सगळं मद्रास समुद्रावर जातं. ती तिघं समुद्रावर न जाता भर दुपारी वेलचेरीला आली. सुट्टी होती, सबंध दिवस मिळणार होता. तुळसीही घरीच होती.

त्या दुपारी गाडी बिघडली. म्हणजे, एरवी नीट चालायची, पण फळीच्या एका कोपऱ्यातल्या वळणावर पट्टी सोडून भलतीकडेच जायची. पुन्हा ठेवली, पुन्हा तिथेच गेली. सुंदरने चाकं काढून घातली. सुब्बाने तारा तपासल्या.

"तुझ्यासारखीच आहे," सुब्बा सुंदरला म्हणाला. "सरळ रस्त्यावर शहाणी. वळण आलं की गोंधळ."

"तुझी गाडी म्हणजे म्हैस. म्हशीला वळवायला सेन्सर लागत नाहीत, काठी लागते."

"दोघंही गप्प बसा," अलमेलू म्हणाली. गाडीचा प्रोग्रॅम तिने लिहिला होता, म्हणून दोष आपलाच, अशी तिची खात्री होती. ती उकिडवी बसल्या बसल्याच खुर्चीकडे वळली. "सर, याच वळणावर का जाते? बाकी सगळीकडे नीट आहे."

सर काही बोलले नाहीत.

तुळसी कॉफी घेऊन आली तेव्हा हे असं होतं. तिने तीन टंबलर मुलांजवळ ठेवले आणि चौथा अप्पांच्या हाताशी, स्टुलावर. ते खुर्चीत मागे टेकलेले, हात मांडीवर. "अप्पा, कॉफी," ती हळूच म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता वळली, कारण प्रश्न चालू असताना त्यांच्याशी बोलायचं नसतं, हे तिला पाटीच्या वयापासून ठाऊक होतं. आत येऊन ती आत्याला म्हणाली, "आज बरंच मोठं काहीतरी अडलंय. अप्पा अगदी समाधीत आहेत."

"पुरे म्हण त्याला," आत्या वांगी चिरत म्हणाली. "पावम, बिचारी पोरं उपाशी आली असतील. जेवूनच जाऊ देत."

बाहेर मुलांची खटपट चालूच राहिली. ऊन कलत गेलं. मधेच सुंदर म्हणाला, "सर, एक हिंट तरी?" आणि बाकीची दोघं हसली, कारण सरांकडे हिंट मागणं हा त्यांच्यातला जुना विनोद होता. सरांनी आजवर कुणाला हिंट दिली नव्हती.

तेव्हाच अलमेलूचं लक्ष गेलं. सर रोजच्यासारखं समोर पाहत नव्हते. त्यांचे डोळे डावीकडे वळलेले होते, खिडकीकडे. तिने पाहिलं, थोडा वेळ जाऊ दिला, पुन्हा पाहिलं. सर खिडकीकडेच पाहत होते.

मग तिला कळलं. रोज आपण काम करतो रात्रीच्या दिव्यात. आज दुपार आहे. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप फळीच्या नेमक्या त्याच कोपऱ्यावर पडली आहे. गाडीच्या पोटाखालचे डोळे परत येणाऱ्या उजेडावरून काळं-पांढरं ओळखतात. एवढ्या उन्हात त्यांना सगळंच पांढरं दिसत असणार. ती उठली आणि तिने खिडकीचा पडदा ओढला.

गाडी वळणावर आली, जराशी थबकली, पट्टीवरून वळली आणि पुढे गेली. पुन्हा सोडली, पुन्हा वळली. सुब्बाने फळीवर थाप मारली. हसण्याचा आवाज ऐकून तुळसी आणि आत्या दारात आल्या. पडद्यामुळे हॉलमध्ये अंधारल्यासारखं झालं होतं आणि ती गाडी घूं घूं करत गोल फिरत होती.

"सर, कशावरून ते विचारा ना," अलमेलू म्हणाली. "सांगते मी."

सरांनी विचारलं नाही. तुळसीचं लक्ष आधी स्टुलाकडे गेलं. कॉफीवर जाड साय धरली होती. मग तिने अप्पांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला दिसलं की ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळून सदरा ओला झाला आहे.

काणुम पोंगलच्या दिवशी वेलचेरीत रिक्षा मिळत नाही. सुंदर गिंडीपर्यंत पळत गेला तेव्हा कुठे एक मिळाली. इस्पितळात पोचेपर्यंत अंधार पडला होता.

डॉक्टर तरुण होते, बोलायला सौम्य. त्यांनी अप्पांचा उजवा हात उचलून सोडला, तो पडला. डोळ्यांवर बॅटरी धरली. मग तुळसीला विचारलं, "हे सुरू कधी झालं?"

तुळसीने सुंदरकडे पाहिलं. सुंदरने अलमेलूकडे.

"दुपारी," तुळसी म्हणाली.

"दुपारी म्हणजे कधी? जेवताना बोलत होते?"

"हो. जेवताना आत्याला म्हणाले, मीठ कमी आहे."

"त्यानंतर?"

त्यानंतर मुलं आली. त्यानंतर ते कुणाशी काही बोलले का? आत्या आठवू लागली. सुब्बा म्हणाला, आम्ही आलो तेव्हा सरांनी मान हलवली. सुंदर म्हणाला, मान नाही, हात.

"घरात तुम्ही पाच जण होतात," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. "माणूस बोलायचा थांबला, आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

याला काय सांगणार? आमच्याकडे माणूस बोलायचा थांबला की सगळं ठीक असतं, हे दुसऱ्या कुणाला कसं समजावं?

"लवकर आणलं असतं तर?" तुळसीने शेवटी विचारलं.

"कदाचित फरक पडला असता. कदाचित नसता. आता ते सांगता येणार नाही." त्यांनी अप्पांच्या पापण्या पुन्हा उचलून पाहिल्या. "डोळे बघा, डावीकडे ओढलेत. मेंदूच्या ज्या बाजूला इजा होते, त्या बाजूला डोळे वळून राहतात. आपोआप. ते काही पाहत नसतात."

हे ऐकायला मुलं नव्हती; ती औषधं आणायला गेली होती, आणि आत्या बाहेर बाकावर जाऊन बसली होती. तुळसी एकटीच होती.

त्यानंतरचे दिवस इस्पितळाच्या त्या लांबलचक वॉर्डात गेले. अप्पा कधी डोळे उघडायचे, कधी नाही. आत्या उशाशी बसून त्यांचे पाय चेपायची आणि कधी लाडाने, कधी दटावून म्हणायची, "नागू, पुरे झालं रे आता तुझं. ती लेक केव्हाची विचारते आहे. बोल की एक शब्द." जसं काही ते हट्टाने बोलत नव्हते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ती सांगायची, हा असाच आहे, पहिल्यापासून.

तुळसी मात्र काही विचारत नव्हती. विचारावं असं एकच होतं: अप्पा, तुम्हाला तेव्हा काही होतंय हे कळत होतं का? तुम्ही आम्हाला हाक मारू पाहत होता का, आणि आम्ही आपले समोर बसून वाट पाहत होतो? एकदा दुपारी वॉर्ड शांत असताना ती त्यांच्या चेहऱ्यावर वाकली आणि तिने हे विचारलंही. अप्पांचे डोळे उघडे होते. ती थांबली. सवयीने कितीतरी वेळ थांबली. मग तिच्या लक्षात आलं की या गप्प बसण्याचा अर्थ लावायला आपल्याला येत नाही. समोरच्या नर्सला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला कळतं आहे.

अप्पांच्या तेराव्याला पोरं आली होती, पण ओटीवर बसून जेवून गेली. फळी न्यायला ती आली नंतर, फेब्रुवारी संपता संपता. सुंदर आणि सुब्बाने ती दारातून तिरकी करून काढली, आणि ती टेंपोत बसेना म्हणून दोघं फाटकाजवळ वाद घालत राहिले. अलमेलू हॉलमध्येच थांबली. फळीखालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा उजळ दिसत होती.

"स्पर्धेचं काय झालं?" तुळसीने विचारलं.

"दुसरे आलो, अक्का. त्या हॉलला खिडक्याच नव्हत्या."

आत्या आतून म्हणाली, "त्या पोरीला बसव. चपाती टाकते आहे."

अलमेलू बसली नाही. ती खुर्चीकडे पाहत होती. "अक्का, एक विचारू? सरांनी कधी कुणाला हिंट दिली नाही. पॉलिटेक्निकातले जुने विद्यार्थी तेराव्याला आले होते, मी त्यांना पण विचारलं. ते म्हणाले, कधीच नाही. मग त्या दिवशी मला का दिली, खिडकीकडे बघून?"

तुळसीला वाटलं, सांगून टाकावं. तुझ्यावर जीव होता म्हणून. स्पर्धा जवळ आली होती म्हणून. एवढ्या वर्षांत एकदा तरी द्यावीशी वाटली म्हणून. यातलं काहीही सांगितलं असतं तर पोरगी सुखाने टेंपोत बसली असती.

"तू पडदा ओढलास ते बरोबरच होतं," ती म्हणाली. "अप्पांना बघून आनंद झाला असणार."

"कशावरून?" अलमेलू म्हणाली.

उद्धटपणा नव्हता त्यात. तिला तसंच शिकवलेलं होतं.

"डॉक्टर डोळ्यांबद्दल काही म्हणाले होते का?" अलमेलूने विचारलं. आवाज अगदी हळू होता. "माझ्या रूममेटची बहीण मेडिकलला आहे. ती म्हणाली, असं होतं."

मग तुळसीने सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते तसंच, त्याच शब्दांत. आपोआप वळतात. पाहत नसतात. "आणि मी कॉफी ठेवून आत गेले," तिने पुढे सांगितलं. "त्यांच्या इतक्या जवळ उभी होते मी. मला वाटलं, शिकवताहेत."

"आम्हालाही."

बाहेर सुब्बा दोरी मागत होता. दोघी तशाच उभ्या राहिल्या. एकीने दुसरीला, तुझं चुकलं नाही, असं म्हणायला काही हरकत नव्हती. पण दोघींनाही ते म्हणता आलं नाही, कारण कशावरून, हा प्रश्न लगेच आला असता.

"आता कोण बघतं तुमचं?" तुळसीने काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"कॉलेजातलेच एक सर. चांगले आहेत. विचारलं की लगेच सांगतात, अर्धं विचारलं तरी सांगतात." अलमेलूने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "पण कधी कधी तेही विचार करत थांबतात. मग मला बसवत नाही. उठून त्यांच्या खांद्याला हात लावून बघते. सगळ्यांदेखत."

"मग?"

"चिडतात," अलमेलू म्हणाली. "पण चिडले तरी बोलतात ना, अक्का."