बेचाळीस दुकानांचे आठ इंच

लेकीचा फोन आला तेव्हा तो बारा नंबरच्या दुकानापुढे शिडीवर उभा होता. टेपचं एक टोक शटरच्या चॅनलला, म्हणजे पत्रा ज्या उभ्या खाचेतून धावतो त्या लोखंडाला, अडकवलेलं, दुसरं हातात. सकाळचे साडेदहा वाजले होते. त्याने आधी माप वहीत लिहिलं, नऊ फूट चार इंच, आणि मग फोन उचलला.

लेक म्हणाली, "बाबा, आधी खाली उतरा. शिडीवरच असाल तुम्ही."

तो उतरला. मग तिने सांगितलं.

बायको महिनाभर दवाखान्यात होती. सोमवारी घरी सोडू म्हणून डॉक्टरांनी तोंड भरून सांगितलं होतं. ती गुरुवारीच गेली.

टेप तसाच चॅनलला लोंबकळत राहिला. बारा नंबरात चष्म्यांचं दुकान होतं. चष्मेवाल्याने टेप गुंडाळून ठेवला आणि पंधरा दिवसांनी परत दिला, तोही काही न बोलता. बोलणारे खूप होते, तेवढा एक गप्प राहिला. बरं वाटलं.

त्याला सगळं गाव शटरकाका म्हणायचं. गाव समुद्रकाठचं, लहान. बाजाररस्त्याला बेचाळीस दुकानं एका ओळीत, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. वाळूवर फिरायला आलेल्या माणसाला बाजारात यायचं तर पार टोकाला वळसा घालावा लागायचा, म्हणजे तो यायचाच नाही. खारा वारा मात्र न चुकता यायचा आणि शटरं गंजवून जायचा. शटरकाकाचं पोट त्या वाऱ्यावर होतं. सोळा नंबरात त्याचं वर्कशॉप, सतरात बायकोचं दुकान. ती दुकानांपुढे बांधायच्या ताडपत्र्या शिवायची. मधल्या भिंतीला खिडकी पाडलेली होती. चहा, सुई, पक्कड, भांडण, सगळं त्या खिडकीतून जायचं-यायचं.

नगरपालिकेने बाजार पाडून नवा बांधायचं काढलं तेव्हा पहिली अट दुकानदारांनी घातली. आज ज्याचं दुकान जेवढं रुंद, नव्यात त्याला तेवढंच रुंद. मापं घ्यायला नगरपालिकेने माणूस पाठवला, तर व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांनी त्याला रस्त्यातच अडवलं. अध्यक्षांचं खिळे-मोळे-कड्यांचं दुकान होतं आणि बोलणंही तसंच.

"तुमचा टेप रबरी असतो," ते म्हणाले. "आमचा माणूस मोजेल."

आमचा माणूस म्हणजे शटरकाका. चाळीस वर्षांत त्याचं शटर कधी अडकलं नव्हतं आणि त्याचं माप कुणी पुन्हा घेतलं नव्हतं. बायको तेव्हा दवाखान्यात होती. तिने खाटेवरूनच हुकूम सोडला, "तुम्ही करा सुरू. घरी आले की मी तपासते."

बायको गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याने तेराव्या दुकानापासून पुढे मोजलं. एका दिवसात अठरा, दुसऱ्या दिवशी बारा. सगळे म्हणाले, थोडे दिवस थांबा, घाई काय आहे. पण घरी बसून तरी तो काय करणार होता? वहीची नक्कल त्याने अध्यक्षांकडे दिली आणि ती कुणी तपासली नाही.

नकाशा काढणाऱ्या आर्किटेक्टबाई वयाने त्याच्या लेकीएवढ्या. महिन्याभरात त्यांनी मंडळाच्या हॉलमध्ये नकाशा लावला आणि हसत म्हणाल्या, "एक चांगली बातमी आहे. रस्त्याची लांबी मी स्वतः मोजली. काकांच्या मापांची बेरीज केली, भिंती धरल्या, तरी अठ्ठावीस फूट उरतात. जुन्या भिंती कुठेतरी जास्त जाड असणार. तर त्या जागेत मी बाजारातून थेट समुद्रावर जाणारी वाट काढली आहे."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. अध्यक्ष उठून नकाशाजवळ गेले आणि त्या वाटेवर बोट ठेवून उभे राहिले, कुणी उचलून नेईल असं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शटरकाकानेही वाजवल्या. बायको नेहमी म्हणायची, या बाजाराला मागचं दार नाही, म्हणून आलेलं गिऱ्हाईक कोंडल्यासारखं निघून जातं. संमतीच्या सह्या पुढच्या शुक्रवारी करायच्या ठरल्या.

बायकोची एक ताडपत्री शिवायची राहिली होती, केस कापणाऱ्या सलूनवाल्याची. बिचाऱ्याने मागितली नव्हती, पण दुपारी ऊन थेट आरशात यायचं आणि गिऱ्हाईक डोळे मिटून बसायचं. शटरकाकाने मंगळवारी कापड काढलं. दुकानाची रुंदी त्याच्या वहीत होतीच. दुमडीपुरतं जास्त धरून त्याने कापलं, बायकोच्या मशीनवर शिवलं, दोनदा सुई मोडली, पण शिवलं. बुधवारी सकाळी खांद्यावर टाकून घेऊन गेला.

डावीकडची कडी बसली. उजवीकडची खांबाच्या हुकापर्यंत पोचेना. ओढलं, ताणलं, तरी वीतभर कमी.

सलूनवाला पायरीवर उभा राहून बघत होता. "काका, कापड आटलं की माझं दुकान सुजलं?"

शटरकाकाने टेप काढून फरक मोजला. बरोबर आठ इंच. आणि मग त्याच्या पायाखालची वाळू सरकली.

शटरवाला चॅनलपासून चॅनलपर्यंत मोजतो. त्याला मधल्या पत्र्याशी कर्तव्य. चॅनल स्वतः चार इंचांचं, एक डावीकडे, एक उजवीकडे, ते तो धरतच नाही, कारण ते तोच बसवतो. बायकोची ताडपत्री चॅनलही झाकणार आणि खांबाला बांधली जाणार. म्हणून तीस वर्षं असंच चाललं होतं. तो खिडकीतून माप ओरडून सांगायचा, "नऊ फूट चार," आणि पलीकडून ती स्वतःशी म्हणायची, "अधिक आठ." ती हे म्हणते हे त्याला माहीत होतं. पण ती बेरीज तिची होती. त्याच्या डोक्यात ती कधी राहायला आलीच नाही.

बेचाळीस दुकानं, प्रत्येकी आठ इंच. तीनशे छत्तीस. भागिले बारा. अठ्ठावीस फूट.

तो पायरीवर बसला. सलूनवाल्याने पाणी दिलं आणि विचारलं, तेव्हा त्याने सगळं सांगितलं.

सलूनवाला रस्त्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "कुणाला कळलंय का?"

"तुला."

"मग झालं. मी काही कात्री नाही, कुठेही तोंड उघडायला. काका, वाट सगळ्यांना हवी आहे. आठ इंच कुणाच्या लक्षात येणार आहेत? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"तुझी खुर्ची वळवतोस ना केस कापताना?"

"वळवतो की."

"आता वळव."

सलूनवाल्याने आत जाऊन रिकामी खुर्ची वळवली. पाय ठेवायची पट्टी भिंतीपासून जेमतेम चार बोटं लांब राहिली.

"नव्या दुकानात गिऱ्हाईकाचे पाय आधी कापावे लागतील," शटरकाका म्हणाला. "मग केस."

सलूनवाल्याने खुर्ची सरळ केली. "बोंबला," तो म्हणाला. "जा मग. सांगा."

शटरकाका तडक आर्किटेक्टबाईंच्या ऑफिसात गेला. त्यांनी चहा मागवला, तो त्याने घेतला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "मॅडम, तुमच्या भिंती जाड नाहीत. माझं माप बारीक आहे."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. दोनदा नकाशाकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे केली. "बसा काका. हे आता दुरुस्त केलं तर वाट जाते. शुक्रवारी तुम्ही उभे राहून वाट जाते म्हणालात, तर तुमचं काय करतील ते?"

"ते माझ्यावर सोडा. मला एक सांगा. चालायला किती रुंदी लागते? माणसं चालायला, गाड्या नाहीत."

"दहा फुटांत चालेल. अठ्ठावीस होते म्हणून अठ्ठावीस दिले."

"दहा," तो म्हणाला. मग चहा घेतला.

तिथून तो वर्कशॉपवर गेला आणि शुक्रवार दुपारपर्यंत बाहेर आला नाही. काय करायचं ते त्याला कळलं होतं. हात चालायला लागले की त्याची छाती आपोआप रुंद व्हायची, तशी ती कित्येक आठवड्यांनी झाली. लेक डबा घेऊन आली, तर तो पत्रा वाकवत होता.

"बाबा, आधी जेवा."

"हे धर. इकडून. घट्ट."

तिने धरलं. डबा नंतर दोघांनी मिळून खाल्ला.

शुक्रवारी हॉल भरला. अध्यक्ष सह्यांचे कागद वाटायला उठले, तोच शटरकाका पुढे जाऊन उभा राहिला. भाषण त्याला येत नव्हतं. तो म्हणाला, "प्रत्येकाचे आठ इंच माझ्या मापात गेले. मी चॅनलच्या आतून मोजलं. मोजायला हवं होतं भिंतीपासून भिंतीपर्यंत. ती अठ्ठावीस फुटांची वाट तुमच्याच दुकानांतून निघाली आहे."

हॉलमध्ये एकदम कालवा झाला. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "चाळीस वर्षं याच मापाची शटरं लावून घेतली आपण." दुसरा म्हणाला, "शटर ठीकच होतं रे, तेच तर सांगतोय तो." अध्यक्षांचा चेहरा त्यांच्या दुकानातल्या मालासारखा झाला.

"आठ इंच म्हणजे माझा एक अख्खा रॅक," ते म्हणाले. "आणि वाटही गेली. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं."

"धुपाटणं मी आणलंय," शटरकाका म्हणाला आणि पिशवीतून लोखंडी तुकडा काढून टेबलावर ठेवला. "हे नवीन चॅनल. चार इंचांचं नाही, अडीचचं. आतली घडी मी बदलली आहे, पत्रा तसाच धावतो, ओढून बघा. एका बाजूला दीड इंच वाचतो, दोन्ही बाजूंचे तीन. आठातले पाच इंच परत घ्या, तीन सोडा. तुमचं दार एक सूतही लहान होत नाही. जे जातं ते चॅनलमागच्या कोपऱ्यातलं. त्या कोपऱ्यात झाडूशिवाय काय ठेवता तुम्ही?"

"छत्री," चष्मेवाला म्हणाला. लोक हसले.

"बेचाळीस गुणिले तीन. साडेदहा फूट. मॅडमना दहा पुरतात."

आर्किटेक्टबाईंनी मान हलवली.

अध्यक्षांनी चॅनल हातात घेतलं. लोखंडातलं त्यांना कळत होतं. उलटसुलट केलं, नखाने घडी तपासली, पट्टी आत-बाहेर सरकवली. हॉल त्यांच्या हाताकडे बघत होता.

"खाऱ्या वाऱ्यात टिकेल?"

"जुन्यापेक्षा दोन वर्षं जास्त. घडीत पाणी साचत नाही."

"आणि मापं? ती कोण घेणार?"

शटरकाका म्हणाला, "मीच. पण मी एकटा नाही. प्रत्येक दुकानात टेपचं दुसरं टोक त्या दुकानदाराने धरायचं आणि आकडा त्याने स्वतःच्या हाताने लिहायचा."

"दुधाने तोंड पोळलंय," अध्यक्ष म्हणाले, "ताक फुंकून पिऊ." त्यांनी चॅनल खाली ठेवलं, पण आपल्या बाजूला. "माझ्या दुकानापासून सुरू करा. उद्या सकाळी आठला. आणि शटरकाका, या वेळी भिंतीला टेकवा."

सह्या पुढे ढकलल्या. तीन इंच द्यायला दोघेतिघे कुरकुरले. फोटोवाला तर दोन दिवस रुसून बसला. पण वाटेचं तोंड आपल्या दुकानाजवळ येतं हे कळल्यावर तोच टेप धरून दारात उभा राहिला. सलूनवाल्याने माप घेऊन झाल्यावर खुर्ची एकदा वळवून पाहिली आणि मगच आकडा लिहिला.

सात दिवसांत सगळं मोजून झालं. सोळा नंबरला टेपचं दुसरं टोक लेकीने धरलं. सतराचं शटर त्याने स्वतः वर केलं, कापडाचे गठ्ठे बाजूला सरकवले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं. लेकीने लिहिलं, दहा फूट दोन. नवी बेरीज रस्त्याच्या लांबीशी जुळली. बाईंनी नकाशा बदलला आणि साडेदहा फुटांची वाट त्यात राहिली. पुढच्या शुक्रवारी सह्या झाल्या. अध्यक्षांनी सगळ्यांत आधी केली आणि शटरकाकाच्या पाठीवर अशी थाप मारली की तो दोन पावलं पुढे गेला.

बेचाळीस चॅनलजोड्यांचं काम त्याच्याकडेच आलं. लोखंड आलं आहे. रोज सकाळी तो एक जोडी वाकवतो. कामाचा त्याला घोर नाही, ते हातचं आहे.

नगरपालिकेने प्रत्येक दुकानाचा एक अर्ज मागितला आहे. त्यात दुकानाचा नंबर, रुंदी आणि नव्या दुकानात कोणता व्यवसाय चालणार, ते लिहायचं. एकेचाळीस अर्ज जमा झाले. सतरा नंबरच्या अर्जावर त्याने रुंदी लिहिली आहे. व्यवसायाचा रकाना अजून भरलेला नाही.