पंख्याचा दिवा

"काय मिस्त्री, आज तुमच्याच गाडीला धक्का?" गळ्यातली टेप तशीच लोंबकळत ठेवून शेजारचा टेलर हसत बाहेर आला.

मिस्त्री मान खाली घालून गाडी ढकलत राहिले. एक तर ते ओशाळले होते आणि दुसरं म्हणजे टेलर काय म्हणाला ते त्यांना धड कळलंच नव्हतं. दुपारी जेवायला घरी जावं म्हणून किल्ली फिरवली तर गाडीने हूं की चूं केलं नाही. सगळ्या रस्त्याच्या गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस स्वतःची गाडी बॅटरीच्या चार्जरपर्यंत ढकलत होता. बायको बहिणीच्या ऑपरेशनसाठी गेल्यापासून हे दुसऱ्यांदा झालं होतं.

टेलरने मागून हात लावला. गाडी जागेवर आल्यावर तो त्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, "वहिनी नाहीत ना, म्हणून!"

"तिचा काय संबंध?"

"वा! तुम्ही रोज सकाळी किल्ली काढता आणि सरळ शटर उघडायला जाता. इकडे पुढचा पंखा घरघरतोय. वहिनी उतरता उतरता आत हात घालून बटण बंद करतात. मी मशीनवर बसून बघतो की रोज."

मिस्त्रींनी दारातून आत वाकून पाहिलं; बटण चालूच राहिलं होतं.

गाडी जुनी होती. इंजिन तापलं की रेडिएटरचा पंखा आपोआप लावणारा सेन्सर केव्हाच मेला होता आणि तो भाग आता कुठे मिळत नव्हता. म्हणून मिस्त्रींनी डॅशबोर्डखाली हाताने लावायचं बटण बसवलं होतं. तेही सरळ बॅटरीवरून, कारण चढ चढून आल्यावर इंजिन बंद केलं तरी त्याला थोडी हवा लागायची. पंखा चालू आहे की बंद, हे बघायची कधी गरजच पडली नव्हती. आवाजच सांगायचा.

आवाज कधीपासून सांगेनासा झाला, ते मात्र त्यांना आठवेना.

चार्जर लावून ते स्टुलावर बसले आणि मग एकेक गोष्ट उलगडत गेली. अलीकडे बायको नेहमी त्यांच्या डाव्या हाताला, जरा बऱ्या कानाच्या बाजूला उभी राहायची. फोन आधी तीच उचलायची. गिऱ्हाईक काही सांगू लागलं की ती मध्येच मोठ्याने म्हणायची, "म्हणजे डावा हेडलाइट लागत नाही म्हणता?" मिस्त्री वैतागायचे. "अगं, एकच गोष्ट दोनदा काय बोलतेस? फार बडबडी झालीस तू." ती नुसती हसायची.

जेवायचं राहिलंच. त्यांनी खणातून एक छोटा दिवा काढला. डोळ्यांना टोचणार नाही असा, पिवळा. आधी बटणावरूनच तार घ्यायला निघाले, पण हात थांबला. बटण दाबलेलं असेल आणि फ्यूज उडालेला असेल, तर दिवा खोटं बोलेल. म्हणून डॅशबोर्डखालच्या रिलेतून, म्हणजे बटण दाबलं की पंख्याला करंट जोडणाऱ्या डबीतून, पंख्याकडे जाणारी तार त्यांनी सोलली, तिला जोड दिला, मध्ये बारका फ्यूज टाकला, दिवा डॅशबोर्डवर बसवला आणि त्याची दुसरी तार गाडीच्या पत्र्याला कसली. आता पंख्यापर्यंत करंट पोहोचला तरच दिवा लागणार होता.

बटण दाबताना त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट रिलेवर ठेवलं. रिलेची टिचकी बोटाला जाणवली, पण कानांना काहीच कळलं नाही. एकेकाळी हा 'टक्' ते दुकानाच्या दारातून ओळखायचे. समोर पिवळा दिवा लागला होता. 

त्या आठवड्याच्या शेवटी ते बायकोला आणायला स्टँडवर गेले. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. इंजिन तापल्यावर त्यांनी पंखा लावला.

"हे काय नवीन?"

"पंखा चालू असला की लागतो."

तिने दिव्यावर बोट टेकवलं. मग म्हणाली, "कळलं म्हणायचं तुम्हाला."

"टेलरने सांगितलं. तू का नाही बोललीस?"

"काय बोलू? इंजिनाला कान लावून उभे राहिलात की केवढा रुबाब असतो तुमच्या चेहऱ्यावर! तो मी काढून घेऊ?"

"मी तुला बडबडी म्हणालो गं."

"म्हणालात ना. मीही मनातल्या मनात तुम्हाला बरंच काही म्हणून घेतलंय."

दोघंही हसले. आभार मानायची दोघांत कधी पद्धत नव्हती, त्यामुळे शब्द कुठून आणावेत ते मिस्त्रींना कळेना. समोर रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "तू होतीस म्हणून माझं दुकान चाललं. मला वाटत होतं, मीच चालवतोय."

ती खिडकीबाहेर बघू लागली. मग त्यांच्याकडे वळून, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "गाडीत दिवा लावलात. दुकानात कुठे लावणार?"



दुसऱ्या दिवशी शटर उघडलं आणि पहिलंच गिऱ्हाईक आलं. बॉनेटपलीकडे उभं राहून, फोनवर नजर ठेवून ते गृहस्थ काहीतरी पुटपुटू लागले. नेहमीप्रमाणे बायकोने तोंड उघडलं. मिस्त्रींनी हळूच हात वर करून तिला थांबवलं. पक्कड खाली ठेवली, फडक्याला हात पुसले.

"साहेब, मला कमी ऐकू येतं," ते म्हणाले. त्यांनी आपल्या डाव्या बाजूला हात केला. "जरा या बाजूला या, आणि पहिल्यापासून सांगा."

गृहस्थांनी फोन खिशात ठेवला, बॉनेटला वळसा घालून ते त्यांच्या डाव्या हाताला येऊन उभे राहिले आणि पहिल्यापासून सांगू लागले. मिस्त्री मान कलती करून ऐकत राहिले.