काजळीचा पट्टा आणि माझा चौथा कान

मित्रांनो, मी एक जुना टॅग रीडर आहे. नाव भारदस्त, काम साधं. पत्र्याच्या डब्याएवढं माझं अंग आणि वायरींनी जोडलेले चार चपटे कान. लोक त्यांना अँटेना म्हणतात. जनावराच्या गळ्यातल्या बिल्ल्याला मी हाक मारायची आणि त्यानं आपला नंबर सांगायचा, एवढ्याचसाठी माझा जन्म.

दोन हजार नऊ साली पाऊस रुसला. साखरा गावाजवळ एका संस्थेनं चारा छावणी उघडली. नसलेल्या गाईंच्या नावानं चारा जाऊ नये म्हणून मला आणलं. तीन कान तीन फाटकांवर बसवले आणि चौथा मागच्या बंद फाटकावर. त्याला कामच नव्हतं. नियम कडक होता. तीन सांजा ज्याचा नंबर लागला नाही, त्याचा चारा बंद.

मला बसवलं हिंगोलीच्या रत्नपालनं. माझे कान एकदम नाही, पाळीपाळीनं हाक मारतात. उत्तर आलं नाही तर पुन्हा किती वेळा हाकारायचं, तो आकडा म्हणजे रिट्राय. त्यानं तो अगदी कमी ठेवला. एक हाक, गप्प राहिलं की पुढचा कान. काम बराबर चाललं. छावणीचे व्यवस्थापक अमृतराव आल्यागेल्याला माझं कौतुक सांगायचे आणि मी फुशारून जायचो.

मग काजळी आली. तांड्यावरच्या पारुबाईची गाभण गाय, घरात उरलेली एकुलती एक. पहिल्या सांजेला तिचा नंबर लागला नाही. पारुबाई तिचं दावं धरून अमृतरावांपुढे उभी राहिली, की ही बघा गाय, तुमच्यापुढंच उभी! काजळी त्यांची बाही चाटत होती. तरी ते म्हणाले, वरचे लोक मशीनचंच ऐकतात, माझा इलाज नाही. चारा बंद झाला तर गाय बाजारात न्यावी लागणार, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी रत्नपालनं माझा रिट्राय भरमसाट वाढवला. झालं! मी एकाच फाटकावर घसा कोरडा करत बसलो आणि तेवढ्यात दुसऱ्या फाटकांतून साखऱ्याची गुरं नंबर न लागताच आत गेली. एकच गोंधळ उडाला. काजळी तर लागलीच नाही.

तेव्हा रत्नपालनं तिचा गळा चाचपला. पारुबाईनं बिल्ला लाल पट्ट्यात आत शिवून टाकला होता. पट्ट्यावर बाहेरून आरसे आणि जुनी नाणी, बोट ठेवायला जागा नाही. धातूपुढे माझी हाक चालत नाही. तो म्हणाला, मावशी, बिल्ला बाहेरून शिवा.

"न्हाई बाबा," ती म्हणाली. "पांढरा बिल्ला दिसला की बघणाराची नजर तिथंच लागती. मागच्या वेताला गळा उघडा होता, तर वासरू गेलं माझं."

अमृतराव वैतागले. "एका गाईपायी साऱ्या छावणीला तकलीफ काहून? नाव कमी करा."

रत्नपाल हौदावर पाणी पिणाऱ्या काजळीकडे बघत राहिला. मान खाली गेली की पट्टा पुढे घसरायचा आणि गळ्यापासून सुटायचा. आतली बाजू नुसत्या कापडाची होती, तिकडून हाक पोचली असती.

तिसऱ्या दिवशी त्यानं माझा चौथा कान मागच्या फाटकावरून काढून हौदाच्या खांबाला अगदी खाली बांधला. बाकीच्या कानांना दोन हाका, चौथ्याला सहा. तेवढ्या वेळात कुठलंही जनावर फाटक ओलांडून जात नाही, हे त्यानं आधी उभं राहून बघून घेतलं.

सांजेला काजळी आली. ती लगेच पाणी पिते कसली! माश्या हाकलल्या, पाण्यावर फुंकर मारली. मी हाक मारली, उत्तर नाही. पुन्हा मारली. पाळी फिरून आली, पुन्हा मारत राहिलो. मित्रांनो, माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. मग तिनं मान खाली घातली आणि बिल्ला बोलला.

अमृतरावांनी पडद्यावरचा नंबर दोनदा वाचला. "लागला," ते म्हणाले, "चारा टाका तिला." पारुबाईनं ओढणीनं डोळे पुसले आणि गाईला दावणीकडे नेलं.

छावणीतच काजळी व्याली. कालवड झाली. पुढे पाऊस आला, छावणी उठली. शेवटच्या दिवशी पारुबाई तसाच लाल कापडाचा तुकडा घेऊन आली, आरसे आणि नाणी गच्च लावलेला, आणि तिनं तो माझ्या चौथ्या कानावर बांधला.

"ह्यालाबी कुणाची नजर नको लागाया. लई हाका मारल्या त्यानं."

रत्नपाल काहीतरी सांगायला गेला आणि थांबला. नाण्यांआडून त्या कानाला आता काही ऐकू येणार नव्हतं. त्यानं तुकडा सोडून काढला नाही, तसाच मला खोक्यात ठेवला.

आता मी संस्थेच्या कपाटात पडून आहे. नवे रीडर आले, माझ्या वायरी उंदरांनी कुरतडल्या. तक्रार नाही. एकच मागणं आहे. कुणी एका हाकेला ओ दिली नाही म्हणून लगेच त्याचं नाव कमी करू नका. आणि मला कधी पुन्हा लावलंत, तर धूळ पुसा, वायरी बदला, पण तो लाल तुकडा राहू द्या. त्या कानाला हवं तर चार हाका जास्त द्या.