भिंतीलगतची हवा

सुनेचं गणित पुन्हा फुटलं. आवाजापेक्षा वेगाने धावणाऱ्या विमानाच्या इंजिनात हवा कशी शिरते, ते तिला कॉम्प्युटरवर दाखवायचं होतं. पण हवा दारातच थयथयाट करायची आणि आकडे आभाळाला भिडायचे. संध्याकाळपर्यंत हे चाललं नाही तर काम दुसऱ्या गटाकडे आणि तुम्ही घरी, असं साहेबांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं.

सासूबाई त्याच टेबलावर वाटाणे सोलत होत्या. "काय अडलंय एवढं?"

"दारातून येणाऱ्या हवेचं सगळं आधी ठरवून द्यावं लागतं, आई. वेग, दाब, तापमान."

"मग दे की. दारातच घट्ट धरावं. तुला नाही धरलं मी? बिघडलीस का?"

"थोडी."

सासूबाईंनी नाक मुरडलं. पण बुडत्याला काडीचा आधार. सुनेने दारातला एकूण एक आकडा आणखी आवळला. गणित आधीपेक्षा लवकर फुटलं.

"घ्या. तुमचा सल्ला."

"माझ्या सल्ल्याने घर चालतं. विमानाचं मी कधी बोलले?"

सुनेने खुर्ची पुढे ओढली. तिने दाराचं चित्र मोठं करून कडा न्याहाळल्या. मधली हवा आवाजाहून वेगवान; आतल्या दाबाची खबर आवाजाच्याच वेगाने उलटी निघते, म्हणून तिच्यापर्यंत पोचतच नाही. तिचं सगळं दारात ठरवलं तरी चालतं. पण भिंतीला घासून येणारी हवा संथ. तिच्यातून आतली खबर उलटी दारापर्यंत येते. घाईत सुनेने तिचाही दाब बांधून टाकला होता, आणि ती खबर दारावर आपटून माघारी फिरत होती.

मधलं तसंच ठेवून तिने भिंतीलगतचा दाब मोकळा सोडला. आत असेल तोच घे, असं गणिताला सांगितलं.

आकडे शांत बसले. सुनेला हसू फुटणार, तोच दाब चढताना दिसला. हवा आत मावेना, भिंतीलगतून मागे सरकू लागली. इंजिन गुदमरत होतं, आणि त्याचं तोंड साहेबांनी स्वतः आखलं होतं.

"झालं ना?"

"झालं. साहेबांचं इंजिन बंद पडणार, असं म्हणतंय."

सासूबाईंचा हात थांबला. "नोकरी जाईल गं. एखादा बरासा आकडा दे साहेबाला. आत कोण बघायला जातंय?"

"आत वैमानिक बसतो, आई."

सासूबाईंनी सालं गोळा केली, उगाच पुन्हा पसरली. मग फोन तिच्यापुढे सरकवला. "लाव. आणि रडत बोलू नकोस. आपल्यात तशी पद्धत नाही."

"चाललं का?" साहेबांनी विचारलं.

सुनेने पडद्यावरच्या आकड्यांवर एकदा नजर टाकली. "चाललं, सर. म्हणूनच फोन केलाय."