दोन अँप्लिफायर आणि डोब्रिवोयेचा कान

सर्बियातल्या निशमधला रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हचा कारखाना बंद पडून जमाना लोटला, पण गावाचं वेड काही गेलं नाही. अजून घरोघरी कुठल्या ना कुठल्या ड्रॉवरमध्ये एखादा जुना व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून ठेवलेला सापडतो. आणि कुणी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर घ्यायचं मनात आणलं, की सल्ला एकच मिळतो. आधी डोब्रिवोयेला बोलवा.

डोब्रिवोये अ‍ॅकॉर्डियन सुरात लावायचा. आतल्या रीडच्या पट्टीवर कानस एकदा फिरवायची, रीड कानाजवळ न्यायची, पुन्हा फिरवायची, यात त्याचा जन्म गेला. लग्नात वाजवणारे पार बल्गेरियाच्या सीमेवरून त्याच्याकडे पेट्या घेऊन येत. आणि त्यालाही त्याचा तोरा होता. डोळे गेले तर बायको वाचून दाखवील, पाय गेले तर काठी घेईन, पण कान गेला तर मला पुरून टाका, असं तो हसत हसत सांगायचा. हसत सांगितलं तरी ते खोटं नव्हतं.

अँप्लिफायर ऐकायच्या त्याच्या रीतीही ठरलेल्या. दोन स्पीकरांसमोर मधल्या खुर्चीत तो डोळे मिटून बसणार, आणि तो बोलेपर्यंत बाकीच्यांनी अवाक्षर काढायचं नाही. एकदा त्याचा मित्र मिलुतिन मध्येच ‘वा’ म्हणाला, तर त्याला भाजलेल्या मिरच्या सोलायला स्वयंपाकघरात पाठवलं होतं.

त्या रविवारी सगळे स्तामेंकोकडे जमले होते. स्तामेंको बसचा निवृत्त ड्रायव्हर, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, घर अगदी मुकं होऊन गेलं होतं. पेन्शनीत बसतील असे दोनच अँप्लिफायर त्याला मिळाले होते. एक चिनी, नवाकोरा, चकचकीत. दुसरा गल्लीतल्याच एका म्हाताऱ्यानं पावाच्या ट्रेवर जोडलेला, दिसायला अगदीच गबाळा. दोन्ही चार दिवसांच्या बोलीवर घरी आणलेले होते. यातला एक चुकला तर पुन्हा घ्यायची त्याची ऐपत नव्हती, म्हणून सगळी भिस्त डोब्रिवोयेवर.

स्तामेंकोनं बायकोचा टेबलक्लॉथ दोरीवर टांगून अँप्लिफायर त्याच्यामागे लपवले आणि स्वतःही तिथेच बसला. डोब्रिवोयेची बायको ल्युबिंका हिनं कॉफी केली. टेबलावर राकियाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या, बाटल्या आणि भाजलेल्या मिरच्यांचं ताट, म्हणून तिनं दोन कप स्पीकरवर ठेवले, एक डावीकडच्या, एक उजवीकडच्या, क्रोशाच्या रुमालांवर. वाजवायची तबकडी अर्थातच डोब्रिवोयेची. तिच्यातलं अ‍ॅकॉर्डियन तरुणपणी त्यानंच सुरात लावलेलं होतं.

पहिला अँप्लिफायर वाजला. डोब्रिवोयेनं मान हलवली. आवाज स्वच्छ आहे, म्हणाला, पण वाजवणारे सगळे एकाच बाकावर दाटीवाटीनं बसलेत.

पडद्यामागे खुडबुड झाली, तारा बदलल्या गेल्या. दुसरा वाजू लागला, आणि डोब्रिवोयेचा चेहरा फुलला.

“हा घे, स्तामेंको. डोळे मिटून घे. किती ऐसपैस वाजतोय बघ. अ‍ॅकॉर्डियन इकडे डावीकडे, आणि क्लॅरिनेटवाला पार तिकडे खिडकीपाशी उभा आहे. उठून हात मिळवावा त्याच्याशी.”

मयतालाही टोमणे मारणारा मिलुतिन गप्प बसला, हे काही बरं लक्षण नव्हतं. डोब्रिवोयेनं डोळे उघडले.

तबकडी चालूच होती. डावीकडच्या स्पीकरवरची कॉफी थरथरत होती, तिच्यावर बारीक कडी उमटत होती. उजवीकडची कॉफी मात्र निपचित होती. वरचा फेससुद्धा मोडलेला नव्हता.

ती कॉफी निवून घट्ट झाली असेल, असा वेडगळ विचार त्याच्या मनात येऊन गेला. मग तो उठला आणि त्यानं उजव्या स्पीकरवर तळहात टेकला. लाकूड मेल्यासारखं पडलेलं होतं.

“तार सुटलीय,” तो म्हणाला.

“हो,” पडद्यामागून स्तामेंको म्हणाला. “सुरुवातीपासूनच, पहिला वाजला तेव्हापासून. म्हटलं, तू आता सांगशील, मग सांगशील. आणि तू सांगितलंस ते...”

मग क्लॅरिनेट वाजवत होतं कोण? तबकडी डोब्रिवोयेला तोंडपाठ होती. खिडकीपाशी कुणीही नव्हतं, जो होता तो त्याच्या डोक्यात होता. मग त्याला घरचं कामाचं बाक आठवलं. उजेड नीट येत नाही म्हणत त्यानं ते फिरवून घेतलं होतं, आणि तेव्हापासून प्रत्येक पेटी डाव्या कानाशीच जात होती. स्वतःच्या कानानं स्वतःला फसवावं, आणि इतक्या सफाईनं!

त्यानं डाव्या कानात बोट घट्ट खुपसलं.

खोली एकदम मुकी झाली. तबकडी फिरत होती, कॉफी थरथरत होती, आणि आवाज मात्र नव्हता. उजवीकडे ल्युबिंका उभी होती. तिचे ओठ हलत होते.

त्यानं बोट काढलं. “काय म्हणालीस?”

ल्युबिंका आधी त्याच्या पाठीमागून वळसा घालून डावीकडे आली, मगच बोलली. “कॉफी निवतेय म्हटलं.”

हा वळसा त्याच्या ओळखीचा होता. चर्चमध्ये, बाजारात, जेवायला बसताना ती असाच वळसा घालायची, आणि त्याला वाटायचं, बाईची सवय आहे. पलंगावरची बाजूसुद्धा तिनं बदलून घेतली होती. खिडकीतून वारा लागतो म्हणाली होती, आणि घरात शिरणाऱ्या वाऱ्यानं माणूस आजारी पडतो असं तर अख्खा सर्बिया मानतो, म्हणून त्यानंही काही विचारलं नव्हतं.

“ल्युबिंका, खिडकीतून वारा येत नव्हताच का?”

“नव्हता,” ती म्हणाली.

तबकडी संपली. सुई मधल्या लेबलापाशी खरखरत राहिली, ती उचलायचं कुणाला सुचेना. मिलुतिननं राकिया ओतायला घेतली आणि ओतलीच नाही. शेवटी स्तामेंको पडद्यामागून बाहेर आला. तार त्यानं नीट बसवली होती. खाली मान घालून, चोरी केल्यासारखं त्यानं विचारलं, “डोब्री, पुन्हा ऐकतोस ना? मी कोणता घेऊ?”

डोब्रिवोयेला वाटलं, आत्ताच्या आत्ता घरी जावं आणि दार लावून घ्यावं. पण स्तामेंको उभाच होता. अजून त्यालाच विचारत होता.

त्यानं ल्युबिंकाचा हात धरला आणि तिला मधल्या खुर्चीत बसवलं.

“डोळे मिट,” तो म्हणाला. मग इतरांकडे वळला. आवाजातला दम तोच होता. “ही बोलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही.”

मिलुतिन मुकाट्यानं उठला. त्यानं स्वतःचं स्टूल उचलून ल्युबिंकाच्या उजव्या हाताला ठेवलं, म्हणजे त्यावर बसल्यावर डोब्रिवोयेचा डावा कान तिच्याकडे येईल.