दीड मिलिमीटर

भोक दीड मिलिमीटरचं हवं होतं. धाकटीने डबीला पट्टी लावली, वर भिंग धरलं. अडीच. शेजारचं तीन, आणि तेही गोल नाही, लांबट. तापलेली सुई प्लास्टिकमध्ये शिरताना भावाचा हात हलला की असंच होतं.

"दादा, पिल्लू तांदळाच्या दाण्याएवढं आहे. यातून आरामात निघून जाईल."

"जाऊ दे. तेवढंच खाणारं एक तोंड कमी!" थोरला हसला आणि हसता हसता खोकू लागला. खोकला थांबेपर्यंत तिने भिंग पुसलं. पुन्हा पुसलं.

पाळणाऱ्यांना विकायला तो सहा वर्षं केसाळ कोळी वाढवत होता. डब्याही स्वतःच करायचा. झाकणाला भोक नाही; समोरासमोरच्या दोन बाजूंना, एकीकडे खाली, दुसरीकडे वर. हवा शिरली पाहिजे तशी निघूनही गेली पाहिजे, नाहीतर आत बुरशी धरते. थंडीत कोळी गारठतात म्हणून खोली मात्र बंद. खिडकीच्या फटींना चिकटपट्टी, दाराखाली टॉवेल. वाकलं की त्याला धाप लागायची, म्हणून टॉवेल रोज तीच सरकवायची, शाळेत शिकवायला जाण्याआधी.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं होतं. फुप्फुसं निम्मी गेली आहेत. प्लास्टिकचा धूर थांबला नाही तर उरलेलीही जातील. "मी सांगते त्याला," ती म्हणाली होती. पण कोळ्यांशिवाय त्याला होतं काय? थंडी सरू दे, असं म्हणता म्हणता उन्हाळा आला, खिडकी उघडली, विषय टळला. आता पुन्हा थंडी.

"काय मास्तरीणबाई, नापास केलंत वाटतं? आणा, दुसरी करतो." त्याने सुई दिव्यावर धरली, लाल झाल्यावर नव्या डबीत टोचली. धुराची बारीक रेघ छतापर्यंत गेली आणि तिथेच पसरून राहिली.

धाकटी उठली. तिने टॉवेल ओढून काढला. मग खिडकीची चिकटपट्टी, एका टोकापासून.

"अगं, वेड लागलं का? गारठून मरतील सगळे!"

"मरू देत." तिने खिडकी ढकलली. "दादा, तुझी फुप्फुसं निम्मी गेलीत. डॉक्टरांनी वर्षापूर्वीच सांगितलं होतं, मीच मूग गिळून बसले. आजपासून या घरात सुई तापणार नाही."